फोल्डिट खेळायचंय? प्रोटीनच्या कोड्यांची सुरुवात करताना हे माहीत असू द्या

फोल्डिट हा प्रोटीनची घडी घालायचा कॉम्प्युटर गेम. तो डाउनलोड करणारे भरपूर असतात, पण ट्युटोरियल संपवून खऱ्या सायन्स पझलमध्ये, म्हणजे शास्त्रज्ञांनी दिलेल्या कोड्यात, शिरलं की समोर शंभरेक अमिनो ॲसिडची गुंतवळ, डझनभर बटणं आणि काहीही केलं तरी न हलणारा स्कोअर दिसतो आणि तिथेच बरेच जण कायमचे बाहेर पडतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण अडतं ते फक्त सुरुवातीच्या चारदोन गोष्टी कुणी नीट सांगितल्या नाहीत म्हणून. मी स्वतः हे सगळं चाचपडत शिकले आणि आता रोज खेळते, त्यामुळे ज्या क्रमाने शिकलं असतं तर सोपं गेलं असतं त्या क्रमाने सगळं लिहून काढतेय.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे आपण नेमकं काय करतोय ते कळेल. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची लांबलचक माळ, आणि ती ज्या आकारात घडी होऊन बसते त्यावर तिचं काम ठरतं. अमिनो ॲसिडचे प्रकार मोजून २०, पण त्यांच्या माळेला घेता येतील असे आकार इतके प्रचंड की एकेक तपासत बसणं कुठल्याही कॉम्प्युटरला शक्य नाही. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये डेव्हिड बेकर यांच्या लॅबचं रोझेटा नावाचं सॉफ्टवेअर होतं आणि ते लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरवर स्क्रीनसेव्हरसारखं चालायचं. स्क्रीनवर प्रोटीन वळवळताना बघून लोक म्हणायला लागले की अहो हे चुकतंय, तो भाग तिकडे वळवा की! त्यातून मे २००८ मध्ये फोल्डिट आलं. आत इंजिन रोझेटाचंच आहे, फक्त वळवायचा अधिकार आपल्या हातात दिलाय.

आणि यातून खरं काम झालंय हो. माकडांमध्ये एड्ससारखा आजार करणाऱ्या एका व्हायरसच्या प्रोटीज एन्झाईमचा (दुसरी प्रोटीन कापणाऱ्या प्रोटीनचा) आकार दहा वर्षांहून जास्त काळ सुटत नव्हता, खेळाडूंनी तीन आठवड्यांत त्याचं इतकं चांगलं मॉडेल दिलं की त्यावरून शास्त्रज्ञांना त्या प्रोटीनच्या क्रिस्टलवर एक्स-रे टाकून मिळालेला डेटा उलगडता आला. हे २०११ साली छापून आलं, आणि लेखकांच्या यादीत खेळाडूंच्या ग्रुपचंही नाव आहे.

काय काय लागतं

- विंडोज, मॅक किंवा लिनक्सवाला कॉम्प्युटर. मोबाईलवर हा गेम चालत नाही.
- चाक असलेला साधा माऊस. ट्रॅकपॅडवर खेळता येतं पण फिरवणं, झूम करणं आणि ओढणं एकत्र करायचं असतं, हात दुखून येतात. या एका गोष्टीसाठी मी आग्रह धरेन.
- इंटरनेट, म्हणजे स्कोअर सर्व्हरवर पोचत राहतो.
- एक ईमेल आयडी, फुकट अकाउंट काढायला. कागदपत्रं काही लागत नाहीत, पैसेही नाहीत.
- एक वही किंवा नोट्सची फाईल. का ते पुढे येईलच.

बायोलॉजी यायलाच हवं असं अजिबात नाही. आकार डोळ्यांनी ओळखता यायला हवेत आणि एकाच गोष्टीवर बराच वेळ बसायची सवय हवी.

१. अकाउंट काढा आणि गेम बसवा

फोल्डिटच्या अधिकृत साईटवरूनच डाउनलोड करा, दुसरीकडून नको. युजरनेम विचार करून घ्या कारण स्कोअरची यादी सगळ्यांना दिसते, खरं नाव द्यायची गरज नाही. एकाच वेळी दोन खिडक्या उघडून दोन पझल खेळायचा मोह पुढे होईल, तेव्हा गेमची वेगळी कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून ती उघडा, एकाच फोल्डरमधून दोनदा चालवली की सेव्ह केलेलं एकमेकांत घुसायची भीती असते.

२. ट्युटोरियल पूर्ण करा, घाईत उरकू नका

सुरुवातीची छोटी कोडी इतकी सोपी वाटतात की बटणं दाबत पुढे पळावंसं वाटतं. पण प्रत्येक कोडं एक हत्यार शिकवतं आणि पुढे सायन्स पझलमध्ये कुणीही सांगत नाही की आता हे वापर. कोडं सुटलं तरी लगेच पुढे जाऊ नका, तेच परत उघडून मुद्दाम बिघडवा आणि वेगळ्या हत्याराने सोडवून बघा.

३. स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचायला शिका

माझ्या मते नवख्याचा सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा आणि नेमका इथेच कुणी थांबत नाही. आधी ऑप्शन्समध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड इंटरफेस चालू करा म्हणजे व्ह्यूचे सगळे पर्याय दिसायला लागतात, मग रंग स्कोअर आणि हायड्रो यावर ठेवा.

आता बॅकबोन, म्हणजे मुख्य साखळी, जिथे हिरवी तिथे बरं चाललंय, जिथे लाल तिथे काहीतरी अवघडलंय. बॅकबोनमधून बाहेर आलेल्या फांद्या म्हणजे साईडचेन. नारिंगी साईडचेन पाण्यापासून पळणाऱ्या, निळ्या पाणी आवडणाऱ्या. पेशीत सगळीकडे पाणीच पाणी, त्यामुळे प्रोटीन घडी होताना नारिंगी सगळे आत तोंड करून एकमेकांना चिकटतात आणि निळे बाहेर राहतात. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की अर्धा गेम समजला.

लाल काटेरी गोळे दिसले तर दोन अणू एकमेकांत घुसलेत, त्याला क्लॅश म्हणतात. आतमध्ये रिकामी पोकळी राहिली तर ती व्हॉईड, आणि नारिंगी साईडचेन बाहेर उघडी पडली तर ती एक्स्पोज्ड, या दोन्ही गोष्टी दाखवायचे पर्याय व्ह्यूमध्ये आहेत, दोन्ही चालू ठेवा. निळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या म्हणजे हायड्रोजन बाँड, त्या जितक्या जागच्या जागी जुळतील तितकं चांगलं.

स्कोअर म्हणजे काय? रोझेटा त्या आकाराची एनर्जी काढतं आणि एनर्जी जितकी कमी तितका आपला स्कोअर जास्त.

४. पहिलं पझल निवडताना

यादीत बरीच पझल एकदम चालू असतात. नाव बघून उडी मारू नका, वर्णन उघडून पूर्ण वाचा. माळ छोटी असलेलं घ्या, आणि बंद व्हायला अजून काही दिवस असलेलं. बंद व्हायची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे कधी येते ते आधीच काढून ठेवा, शेवटच्या तासाला केलेली सुधारणा वेळेअभावी गेली तर फार चुटपुट लागते.

प्रकार साधारण असे: आधीच्या आकारावरून किंवा सरळ ताणलेल्या माळेपासून खरा आकार शोधायचा, इलेक्ट्रॉन डेन्सिटीच्या ढगात (प्रयोगातून मिळालेल्या, अणू कुठे असावेत ते दाखवणाऱ्या धूसर आकारात) माळ बसवायची, पूर्ण नवीन प्रोटीन डिझाईन करायचं, किंवा प्रोटीनच्या खाचेत बसेल असा छोटा रेणू बनवायचा. नवख्यांनी डेन्सिटीवालं पहिलं घ्यावं असं मला वाटतं, कारण ढगाचा आकार समोर दिसतो, माळ कुठून कुठे जाते याचा काहीतरी धरबंध असतो. आणि त्याला कमी समजू नका, २०१६ साली छापलेल्या एका तुलनेत असंच एक मॉडेल बनवताना खेळाडूंनी अनुभवी क्रिस्टलोग्राफर (क्रिस्टलवरून रेणूंचा आकार काढणारे शास्त्रज्ञ) आणि ऑटोमॅटिक प्रोग्राम दोघांनाही मागे टाकलं होतं.

५. आधी हाताने आकार द्या, विगलला अजून हात लावू नका

इथे नवखे सगळ्यात जास्त फसतात. पझल उघडलं की विगल, म्हणजे माळ आपोआप हलवून स्कोअर वाढवणारं बटण, दाबायचं, स्कोअर भराभरा चढतो, छान वाटतं, आणि मग तो एका जागी थांबतो तो थांबतोच. झालेलं असं असतं की विगल फक्त जवळपासचा उतार शोधतं, जिथे आहे तिथूनच थोडं थोडं खाली सरकत एनर्जी कमी करतं. माळ चुकीच्या घडीत असेल तर विगल ती चुकीची घडीच घट्ट करून ठेवतं, आणि मग ती सोडवणं दुप्पट अवघड.

म्हणून आधी माळ वाचा. कुठला तुकडा हेलिक्स (स्प्रिंगसारखा वेढा) होईल, कुठला शीट (शेजारी शेजारी लागलेल्या सरळ पट्ट्या), कुठे नुसता लूप (त्यांना जोडणारा मोकळा भाग)? बऱ्याचदा वर्णनातच अंदाज दिलेला असतो, नसेल तर नारिंगी कुठे कुठे येतात ते मोजा. हेलिक्सच्या एका वेढ्यात साधारण ३.६ अमिनो ॲसिड बसतात, त्यामुळे दर तिसऱ्या-चौथ्या जागी नारिंगी येत असेल तर तो हेलिक्स असण्याची शक्यता जास्त, तेव्हा सगळे नारिंगी एकाच बाजूला येतात. शीटमध्ये साईडचेन एक वर एक खाली अशा येतात, म्हणून एक सोडून एक नारिंगी असेल तर शीट. प्रोलिन हे अमिनो ॲसिड दिसलं की तिथे हेलिक्स मोडायची शक्यता धरा, ग्लायसिन दिसलं की तिथे वळण असू शकतं.

एक खाचखळगा लक्षात ठेवा, स्ट्रक्चर मोडमध्ये एखाद्या तुकड्याला नुसतं हेलिक्स असं नाव दिलं म्हणून तो हेलिक्स होत नाही. ते लेबल आहे. आकार द्यायला आयडियलाईझ किंवा ब्लूप्रिंट ही हत्यारं वापरावी लागतात.

आता जवळून बघूया. समजा तीन हेलिक्स आहेत, दोन छान शेजारी बसलेत, तिसऱ्याचे ल्युसिन आणि फेनिलॲलनिन हे नारिंगी अमिनो ॲसिड बाहेर तोंड करून बसलेत, एक्स्पोज्डचे पिवळे डाग तिकडे दाटीने दिसतायत. तिसऱ्या हेलिक्सवर क्लिक करून ट्वीक या हत्याराने तो त्याच्याच अक्षाभोवती फिरवा, एका झटक्यात अर्धा फेरा नको, थोडं थोडं, आणि दर वेळी प्रोटीन उलटसुलट वळवून मागून बघा. नारिंगी बाजू आत आली की फेनिलॲलनिनची ती मोठी चपटी रिंग पलीकडच्या हेलिक्सला धडकेल, लाल गोळे येतील, स्कोअर धाडकन पडेल. पडू द्या. त्या रिंगपासून समोरच्या हेलिक्सवरच्या एखाद्या नारिंगीपर्यंत एक रबर बँड (दोन जागा एकमेकींकडे ओढणारं गेममधलं हत्यार) लावा, वरच्या टोकाला एक, खालच्या टोकाला एक, म्हणजे पुढच्या पायरीत हेलिक्स परत निसटणार नाही. आधीचे दोन चांगले बसलेले हेलिक्स फ्रीझ करून, म्हणजे हलणार नाहीत असे बांधून, ठेवले तरी चालेल.

६. मग शेक, विगल आणि क्लॅश इम्पॉर्टन्स

शेक साईडचेन फिरवून बसत्या जागा शोधतं, बॅकबोन हलवत नाही. विगल बॅकबोनही हलवतं. क्लॅश इम्पॉर्टन्स हा ० ते १ असा स्लायडर आहे, अणू एकमेकांत घुसले तर किती मनावर घ्यायचं ते तो सांगतो.

हाताने आकार दिल्यावर स्लायडर खूप खाली आणा, ०.१ च्या आसपास, आणि शेक करा. मग ०.३ वर थोडा वेळ विगल, पूर्ण थांबेपर्यंत नाही, काही सेकंद. परत शेक. मग स्लायडर १ वर आणून विगल, आता मात्र थांबेपर्यंत चालू द्या. खाली असताना अणू एकमेकांमधून सरकून जाऊ शकतात त्यामुळे अडकलेल्या साईडचेन सुटतात आणि वर आणलं की सगळे आपापली जागा घेतात. खाली-वर खाली-वर असं काही वेळा केलं की स्कोअर आधीच्यापेक्षा वर जातो, जात नसेल तर घडीतच काहीतरी चुकलंय, पाचव्या पायरीवर परत जा.

खूप वेळ खाली ठेवून विगल केलं तर प्रोटीन आकसून घट्ट गोळा होतो, मग १ वर आणताच फुटल्यासारखा पसरतो. म्हणून काही सेकंद म्हटलं.

हे काम करताना रामचंद्रन मॅपही उघडून बघत जा, गेममध्येच आहे. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवलं की बॅकबोनचे कोन कुठल्याही किमती घेऊ शकत नाहीत, ठरावीक भागातच बसतात. मॅपवर एखादा ठिपका नको त्या रिकाम्या भागात एकटा पडला असेल तर त्या अमिनो ॲसिडजवळ गडबड आहे, आणि मॅपवरून ती पटकन सापडते.

७. अडकलात की स्कोअर खाली जाऊ द्या

मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर ही सांगितली असती. २०१० साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात खेळाडूंच्या पद्धतीवर लेख आला, त्यात दिसलं की ज्या कोड्यांत बॅकबोन मोठ्या प्रमाणात मोडून परत रचावा लागतो तिथे माणसं कॉम्प्युटरपेक्षा सरस ठरली. माणूस आत्ताचा स्कोअर घालवायला तयार असतो, कारण पुढे काय होणार ते त्याला दिसत असतं. नवख्याला मात्र ते जमत नाही, आकडा दहाने उतरला की लगेच अनडू!

भीती वाटायचं काही कारण नाही कारण अनडूचा ग्राफ आहे, त्यावर मागच्या कुठल्याही ठिकाणी क्लिक करून परत जाता येतं, आणि सर्वोत्तम स्कोअरवाला आकार तर गेम स्वतःच सांभाळून ठेवतो. तरी मोठी मोडतोड करायच्या आधी नाव देऊन सेव्ह करा. "तिसरा हेलिक्स फिरवायच्या आधी" असं नाव द्या, "नवीन २" असलं काही नको, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. वही यासाठीच हवी, कुठे काय करून बघितलं आणि काय झालं ते दोन ओळींत.

मोडतोडीसाठी रिबिल्ड आणि रिमिक्स आहेत, दोन्ही निवडलेल्या छोट्या तुकड्याला वेगवेगळे आकार देऊन बघतात. लाल दिसणारा लूप निवडा, दोन्ही बाजूचं एखादं अमिनो ॲसिड जास्तीचं घ्या, रिबिल्ड चालवा, आवडलेल्या आकारावर थांबवा, मग सहावी पायरी.

८. रेसिपी वापरा पण योग्य वेळी

खेळाडूंनी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामना रेसिपी म्हणतात, कुकबुकमध्ये मिळतात. त्यातली ब्लू फ्यूज नावाची रेसिपी प्रसिद्ध आहे, कारण खेळाडूंनी स्वतः शोधलेली ही पद्धत रोझेटाच्या शास्त्रज्ञांनी त्याच सुमारास वेगळ्याने बनवलेल्या पद्धतीशी जवळपास जुळली आणि त्यावर २०११ साली शोधनिबंध निघाला. पण रेसिपी रात्रभर चालू ठेवून झोपायचं हे शेवटच्या टप्प्यातलं काम आहे, घडी पटली की मगच. आधीच लावली तर चुकीच्या आकाराला पॉलिश होत राहतं. आणि एक, वर्णन न वाचता कुठलीही रेसिपी चालवू नका, काही रेसिपी तुमचे रबर बँड आणि फ्रीझ सगळे काढून टाकतात.

९. ग्रुप

सोलोइस्ट म्हणजे पहिल्यापासून एकट्याने, इव्हॉल्व्हर म्हणजे ग्रुपमधल्या कुणाचा आकार घेऊन तो सुधारायचा. दोन्हीची क्रमवारी वेगळी लागते. ग्रुपमध्ये जा असंच सांगेन, कारण दुसऱ्याचा शेअर केलेला आकार उघडून बघण्यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं कशातूनच नाही. चॅटमध्ये बिनधास्त विचारा, लोक उत्तर देतात.

१०. डिझाईन पझल: जमायला लागल्यावर

"आता अल्फाफोल्ड आलंय, मग आपण कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. अल्फाफोल्ड म्हणजे माळेवरून प्रोटीनचा आकार ओळखणारा एआय प्रोग्राम. दिलेल्या माळेचा आकार सांगणं त्याने खरंच पुष्कळ सोपं केलंय, म्हणून तर डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, आणि त्याच नोबेलचा अर्धा वाटा डेव्हिड बेकर यांना नवीन प्रोटीन डिझाईन करण्यासाठी. डिझाईनमध्ये अजून खूप काम आहे आणि फोल्डिटमधली कितीतरी कोडी आता त्याच बाजूची असतात.

इथे म्युटेट वापरून अमिनो ॲसिडच बदलता येतं. ऑब्जेक्टिव्ह नीट वाचा, गाभा पुरेसा भरलेला हवा, लूप आदर्श आकाराचे हवेत अशा अटी असतात आणि त्या पाळल्या की बोनस मिळतो. मोठा सापळा असा, ऑटोमॅटिक म्युटेट स्कोअर वाढवायला वाटेल तिथे वाटेल ते बसवतं. पृष्ठभागावर नारिंगी आले तर स्कोअर काही म्हणो, ते प्रोटीन पाण्यात एकमेकांना चिकटून गुठळ्या होऊ शकतात. प्रत्येक जागा स्वतः तपासा.

आणि गेममध्येच अल्फाफोल्डकडे आपलं डिझाईन पाठवायची सोय आहे, ती वापरा. तुमची माळ तो कुठल्या आकारात बघतो ते परत येतं. तुमच्या आकाराशी जुळलं आणि कॉन्फिडन्सही (अल्फाफोल्डला स्वतःच्या उत्तराची किती खात्री आहे तो आकडा) चांगला असेल तर डिझाईनमध्ये दम आहे, स्कोअर वर असून जुळत नसेल तर कुठला तुकडा वेगळा येतोय ते बघून तिथलेच अमिनो ॲसिड बदला.

११. शास्त्रज्ञांना पाठवा, सोबत टीप लिहा

नवख्यांना हे बटण माहीतच नसतं. शेअर विथ सायंटिस्ट्स. स्कोअर यादीत खालचा असला तरी तुमचा आकार इतरांपेक्षा वेगळा असेल आणि तुम्हाला पटत असेल तर पाठवा, कारण सगळे वरचे आकार बऱ्याचदा एकसारखेच असतात. टीपेत काय केलं आणि का ते साध्या वाक्यात लिहा, उदाहरणार्थ "दुसरा आणि तिसरा हेलिक्स अदलाबदल करून बसवले, त्यामुळे गाभ्यातली पोकळी भरली".

निवडलेल्या डिझाईनचं पुढे काय होतं तेही सांगते. त्या माळेचा जीन बनवतात, तो ई. कोलाय बॅक्टेरियात टाकतात, बॅक्टेरिया ते प्रोटीन तयार करतात आणि मग ते खरंच घडी होतंय का ते लॅबमध्ये तपासतात. २०१९ साली नेचरमध्ये आलेल्या कामात खेळाडूंची १४६ डिझाईन अशी तपासली होती, त्यातली ५६ स्थिर घडी झाली, त्यात २० वेगवेगळे आकार होते आणि एक तर निसर्गात कधी दिसलेला नव्हता. चार डिझाईनची रचना अगदी बारकाईने मोजली, ती खेळाडूंच्या मॉडेलशी जवळपास तंतोतंत जुळली.